खुर्चीतून उठता येईना: एका ७१ वर्षांच्या आजींचे ड जीवनसत्त्व आणि पायांची ताकद

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम आणि निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

आजी ७१ वर्षांच्या, वजन ५२ किलो, शाकाहारी. पुण्याच्या उपनगरात तिसऱ्या मजल्यावर मुलगा-सुनेकडे राहतात. गुडघे दुखायला लागल्यापासून देवळात जाणे सुटले, भाजी सून आणू लागली. घराबाहेर पडणे महिन्यातून एखाद्या वेळी, तेही दवाखान्यापुरते. गॅलरीला काचेच्या सरकत्या खिडक्या बसवलेल्या. सकाळी साडेसातला आजी त्या काचेआड 'कोवळ्या उन्हात' बसायच्या, त्यामुळे आपल्याला ऊन मिळते अशी घरातल्या सगळ्यांची समजूत होती. पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत आणि सकाळी सूर्य खाली असताना ते मुळातच फार कमी असतात. शिवाय वयाबरोबर त्वचेची ड जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमताही घटते.

औषधे: थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०, ॲसिडिटीसाठी चार वर्षे रोज पॅन्टोप्राझोल ४०, आणि दुखेल तेव्हा वेदनाशामक. त्यात वर्षभरापासून कॅल्शियमची एक गोळी, सकाळच्या चहाबरोबर.

अडचण

दीड वर्षात हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. आधी जमिनीवर मांडी घालून बसणे. मग सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागू लागला, पुढे कमोडवरून उठताना शेजारच्या नळाला धरावे लागू लागले. इमारतीला लिफ्ट, त्यामुळे जिन्याची परीक्षा कधी झालीच नाही. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी एक मजला चढायला मध्ये दोनदा थांबावे लागले, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आले. चालताना अंग दोन्ही बाजूंना डुलायचे. रात्री कूस बदलताना बरगड्या आणि जांघेत दुखायचे.

घरच्यांचे म्हणणे, वय झाले. फॅमिली डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे काढला, त्यात मध्यम झीज दिसली. या वयात ती बहुतेकांच्या गुडघ्यात दिसते, म्हणून एक्स-रेतली झीज सापडली की शोध तिथेच थांबतो. इथेही तसेच झाले. सोसायटीतल्या शिबिरात हाडे ठिसूळ (ऑस्टिओपोरोसिस) असल्याचे सांगितले गेले, पुढे हाडांतले खनिज मोजणारा डेक्सा स्कॅन झाला, मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलनेचा आकडा, उणे ३.२ आला आणि हाडांची झीज रोखण्यासाठी वर्षातून एकदा द्यायच्या झोलेड्रॉनिक ॲसिडच्या इंजेक्शनचा सल्ला मिळाला. इंजेक्शनची तारीखही ठरली होती. त्याआधी दुसरे मत घ्यावे म्हणून कुटुंब वृद्धरोगतज्ज्ञांकडे आले.

तपासणीत काय दिसले

पहिली दहा मिनिटे रिपोर्ट बाजूला ठेवून फक्त हालचाली मोजल्या. यासाठी एक खुर्ची, स्टॉपवॉच आणि जमिनीवर चार मीटरची खूण एवढेच लागते. तोल, चाल आणि खुर्चीतून पाच वेळा उठणे, प्रत्येकी चार गुण, एकूण बारा.

तोल: एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून ४ सेकंद टिकल्या, ३ गुण. चाल: चार मीटरला ७.४ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.५४ मीटर; २ गुण. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठणे एकदाही जमले नाही, ० गुण. एकूण १२ पैकी ५.

ताकदीचा नमुना बोलका होता. मांडी आणि खुब्याचे स्नायू कमजोर, पण पाऊल, घोटा, हाताचे पंजे ठीक. संवेदना आणि प्रतिक्षेप नेहमीसारखे. नडगीवर आणि बरगड्यांवर अंगठ्याने दाबले की आजी कळवळायच्या. धडाजवळचे स्नायू कमजोर, हाडांवर दाब सहन होत नाही आणि चाल डुलती, हे तिन्ही एकत्र दिसले की गुडघ्याची झीज हे कारण पुरत नाही. ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडे मऊ पडण्याचा आजार, डोळ्यासमोर ठेवावाच लागतो.

रक्ताचे आकडे असे होते: ड जीवनसत्त्व मिलिलिटरला ६.२ नॅनोग्रॅम (१२ च्या खाली तीव्र कमतरता मानतात), कॅल्शियम ८.२ आणि फॉस्फरस २.३ (दोन्ही कमी), हाडांत आणि यकृतात असणारे एन्झाइम अल्कलाइन फॉस्फेटेज २४८ (लॅबची मर्यादा १२०), हाडातून कॅल्शियम ओढून आणणारे पॅराथायरॉईड संप्रेरक १६८ (मर्यादा ६५), थायरॉईडची चाचणी टीएसएच ७.८ (वाढलेले). मूत्रपिंड आणि मॅग्नेशियम ठीक. स्नायूंचे एन्झाइम सीके, सीआरपी, प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस आणि सिलिएकची चाचणी यांत काही निघाले नाही. स्नायूंचा दाह, पॉलिमायल्जिया (खांदे-खुबे आखडवणारा दाहाचा आजार), मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) आणि सिलिएक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा करणारी व्याधी) यांना वगळण्यासाठी त्या केल्या होत्या. ओटीपोटाच्या एक्स-रेत डाव्या जघनास्थीच्या (जांघेजवळच्या हाडाच्या) खालच्या फांदीवर हाडाला आडवी, फिकट रेघ दिसली. हिला लूझर झोन म्हणतात. हाड पूर्ण मोडलेले नसते, पण त्या जागी भार सोसत नाही. जांघेतल्या दुखण्याचे कारण ते.

डेक्साच्या आकड्याने केलेली गफलत

हाडाची जाळी तयार होते ती प्रथिनांची. तिच्यात कॅल्शियम-फॉस्फरस बसले की ते कडक होते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडच कमी असते. ऑस्टिओमलेशियात जाळी असते, पण विटा रचून सिमेंट न भरलेल्या भिंतीसारखी. डेक्सा फक्त खनिज मोजतो, त्याला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून उणे ३.२ हा आकडा दोन्ही आजारांत येऊ शकतो.

झोलेड्रॉनिक ॲसिड हाडातून कॅल्शियम बाहेर पडणे थांबवते. ज्या बाईचे रक्तातले कॅल्शियम मुळात हाडातून उसने घेऊनच कसेबसे टिकले आहे, तिला ते दिले तर कॅल्शियम एकदम कोसळू शकते: हातापायांना मुंग्या, पेटके, कधी हृदयाच्या ठोक्यांत गडबड. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरून काढल्याशिवाय हे औषध द्यायचे नसते. इंजेक्शन पुढे ढकलले. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

ड जीवनसत्त्व कसे द्यायचे: तोलून पाहिलेले पर्याय

*सहा लाख युनिटचे एकच इंजेक्शन.* कुटुंबाचा कल याकडे होता, कारण एकदा दिले की विसरले. पण स्नायूतून ते हळूहळू आणि प्रत्येकाच्या शरीरात वेगळ्या गतीने शोषले जाते, आणि जास्त झाले तर परत काढता येत नाही. मोठ्या एकरकमी डोसचा अनुभवही चांगला नाही. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट किंवा औषध नसलेल्या तशाच गोळ्या दिल्या गेल्या. २०१० साली निष्कर्ष छापून आले तेव्हा ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचे २६ टक्क्यांनी जास्त निघाले. आतड्यातून शोषणच होत नसेल तर इंजेक्शनचा विचार करावा. इथे तशी खूण नव्हती.

*रोज २,००० युनिट.* शरीराच्या स्वभावाला हे जास्त जुळते. पण साठा रिकामा, हाडे दुखरी आणि एक लूझर झोन असताना भरपाईला फार वेळ लागला असता.

*आठवड्याला ६० हजार युनिटची पुडी, आठ आठवडे. नंतर रोजचा छोटा डोस.* हा मार्ग निवडला. पुडी रविवारी दुपारच्या जेवणानंतर, दुधातून घ्यायची. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते, उपाशीपोटी नुसत्या पाण्यातून घेतले तर शोषण कमी होते. आठव्या पुडीनंतर बंद.

सोबत केलेले बदल

कॅल्शियमच्या गोळीवर '१२५० मिलिग्रॅम' लिहिलेले असते ते कॅल्शियम कार्बोनेटचे वजन. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५००. शिवाय कार्बोनेटला पोटात आम्ल लागते आणि आजी चार वर्षे आम्ल दाबणारी गोळी घेत होत्या. म्हणून कॅल्शियम सायट्रेट दिले, प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर. वेदनाशामक बंद केल्यावर पॅन्टोप्राझोलची गरजच उरली नव्हती. ते एकदम न थांबवता तीन आठवडे दिवसाआड करून मग थांबवले. एकदम सोडले की आम्ल उसळते आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी मागोमाग घेतले जात होते. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवते, शोषू देत नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. कॅल्शियम दुपारी सरकवल्याने ते आपोआप पडले. थायरॉईडचा डोस मुद्दाम वाढवला नाही. आठ आठवड्यांनी टीएसएच ७.८ वरून ३.४ वर आले. थायरॉईडच्या कमतरतेनेही मांड्या कमजोर होतात, तेव्हा आजींच्या सुधारणेत याचाही थोडा वाटा धरायला हवा.

घरात सोफ्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून उंची चार इंचांनी वाढवली, कमोडवर उंच सीट आणि भिंतीला दांडी बसवली. चालताना काठी उजव्या हातात, म्हणजे लूझर झोनच्या विरुद्ध बाजूला.

मध्येच आलेली घबराट

चौथ्या आठवड्यात कॅल्शियम ८.८ पर्यंत चढले, दुखणे निम्म्यावर आले. पण अल्कलाइन फॉस्फेटेज २४८ वरून २९० झाले. रिपोर्टवर लाल अक्षरात आकडा पाहून मुलाने यकृत बिघडले असे समजून औषधे बंद करायची का, असे फोनवर विचारले. हाडांत खनिज भरायला लागले की हे एन्झाइम सुरुवातीला वाढू शकते, मग महिन्यांनी उतरते. खात्रीसाठी जीजीटी हे यकृताचे एन्झाइम तपासले, ते ठीक होते; म्हणजे वाढ हाडांतूनच होती. उपचार चालू ठेवले. औषध सुरू करतानाच ही शक्यता सांगितली असती तर फोनची वेळ आली नसती.

पंधरावा आठवडा: आकडा पुढे, पाय मागे

फेरतपासणी बाराव्या आठवड्यात ठरली होती. कुटुंब गणपतीला कोकणात गेले, त्यामुळे ती पंधराव्यावर गेली. निकाल गोंधळात टाकणारे होते. अल्कलाइन फॉस्फेटेज १६५, पॅराथायरॉईड ५८, दुखणे जवळजवळ संपलेले. मात्र ड जीवनसत्त्व ८२, कॅल्शियम १०.४ (मर्यादा १०.२), आणि आजींना बद्धकोष्ठ, भूक मंद. बद्धकोष्ठाचा दोष घरच्यांनी कॅल्शियमच्या गोळीला दिला होता.

औषधांची सगळी पिशवी टेबलावर रिकामी केल्यावर उलगडा झाला. गुण येतोय म्हणून आठ पुड्या संपल्यावरही सून जुन्याच चिठ्ठीवर दर आठवड्याला पुडी आणत होती. औषधविक्रेत्याने विचारले नाही. शिवाय न्यू जर्सीच्या धाकट्या मुलाने ५,००० युनिटच्या कॅप्सूलची बाटली पाठवली होती, तीही रोज चालू होती. 'हे तर व्हिटॅमिन, औषध थोडेच' म्हणून कोणी सांगितले नव्हते. आठवड्याची बेरीज ९५ हजार युनिट होत होती. रक्तदाबासाठी नुसते टेल्मिसार्टन होते हे बरे झाले. त्याच गोळीत थायाझाइड गटाचे, लघवी वाढवणारे औषध जोडलेले असते तर कॅल्शियम आणखी चढले असते, कारण ते लघवीवाटे कॅल्शियम जाऊ देत नाही.

हालचालींची मोजणी: खुर्चीतून पाच वेळा हात न लावता उठल्या, १९.२ सेकंद, १ गुण. चाल ५.९ सेकंद, ३. तोल ६ सेकंद, ३. एकूण ७. कुटुंबाची मागणी होती, पाय अजून भरत नाहीत तर डोस वाढवा.

इथे थांबून हिशेब मांडला. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेली कमजोरी भरपाईने जाते. आजी एकदाही उठू शकत नव्हत्या त्या आता पाच वेळा उठतात, हा त्याचाच परिणाम. पण दीड वर्ष न वापरलेल्या मांड्या आटल्या होत्या, आणि ते पुडीने भरत नाही. रक्तातली पातळी पुरेशी झाल्यावर जास्त दिल्याने ताकद वाढते असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट दिसले आहे. झ्युरिकमध्ये ७० वर्षांवरच्या २०० जणांना महिन्याला २४ हजार किंवा ६० हजार युनिट अशा गटांत वाटले. २०१६ च्या निष्कर्षांत ६० हजारवाल्यांच्या पायांची कामगिरी सरस नव्हती आणि वर्षभरात पडणारे २४ हजारवाल्यांत ४८ टक्के, तर ६० हजारवाल्यांत ६७ टक्के होते. आपल्याकडे भरपाईनंतर 'महिन्याला एक पुडी' सर्रास लिहितात, तो डोस नेमका हाच. ज्येष्ठांना देखभालीसाठी रोजचा छोटा डोस बरा.

निर्णय: ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन्ही बंद, पाणी भरपूर, दोन आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा. ते ९.६ आले. आठ आठवड्यांनी ड जीवनसत्त्व ५१ वर उतरले, तेव्हा रोज १,००० युनिट सुरू केले. न्यू जर्सीची बाटली सुनेने कपाटातून काढून टाकली.

व्यायाम आणि ताट

एक्स-रेत लूझर झोन भरत आल्याचे दिसल्यावर फिजिओथेरपिस्टने आठवड्यातून तीन दिवसांचा क्रम लावला. मुख्य व्यायाम एकच: खुर्चीतून उठणे. ४५ सेंटिमीटरच्या खुर्चीवर घडी घातलेल्या चादरी रचून बैठक ५३ पर्यंत वर आणली. पाच-पाचच्या दोन फेऱ्या, बसताना तीन आकडे मोजत सावकाश खाली. दोन्ही फेऱ्या विनासायास झाल्या की एक चादर काढायची. सातव्या आठवड्यात आजी उघड्या खुर्चीवर आल्या, मग फेऱ्या दहा-दहाच्या तीन झाल्या. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतार, आणि घोट्याला अर्ध्या किलोचे वजन बांधून गुडघा सरळ करणे. वजन पुढे दीड किलोपर्यंत नेले. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्याच पाहिजेत. नुसते पाय हलवण्याने रक्ताभिसरण होते, स्नायू वाढत नाही.

प्रथिनांचा हिशेब काढला तर दिवसाला जेमतेम ३२ ग्रॅम भरत होती. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरतात. ५२ किलोला ५२ ते ६२ ग्रॅम. पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, रोज एक वाटी मोडाची मटकी किंवा मूग, दोन वेळा दूध, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि दिवसाआड ५० ग्रॅम पनीर, असे करत आकडा ५० च्या पुढे गेला. खरी अडचण उपवासांची होती. सोमवार, एकादशी, संकष्टी मिळून महिन्यात सात दिवस साबुदाण्यावर, आणि साबुदाण्यात प्रथिन नावालाही नसते. उपवास सोडायला सांगणे व्यर्थ होते, म्हणून त्या दिवशी राजगिरा, दूध, दही आणि शेंगदाण्याची आमटी ठरली. नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी यांनी कॅल्शियमची बाजू बरीचशी सांभाळली. दूध '+एफ' चिन्हाचे घेतले. त्यात लिटरला साधारण २०० ते ३०० युनिट ड जीवनसत्त्व असते. दोन पेले दुधातून मिळते ते थोडेच, पण रोज मिळते.

उन्हासाठी वेळ बदलली. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच त्वचेत ड जीवनसत्त्व नीट तयार होते. आता आजी अकराच्या सुमारास काच सरकवून, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे बसतात. साठा भरायला एवढे ऊन पुरले नसते.

निकाल

सोळा आठवड्यांच्या व्यायामानंतर पाच वेळा उठायला १३.१ सेकंद, ३ गुण. चार मीटरला ४.९ सेकंद, ३. तोल पूर्ण १० सेकंद, ४. एकूण १०. एक मजला न थांबता चढतात, कमोडची उंच सीट काढली, दांडी ठेवली. जमिनीवरून उठायला मात्र अजून खुर्चीचा आधार लागतो.

वर्षाने डेक्सा पुन्हा केला. ऑस्टिओपोरोसिसचे एकही औषध न देता मणक्याचा टी-स्कोअर उणे ३.२ वरून उणे २.४ झाला, खनिज भरले की ऑस्टिओमलेशियात अशी मोठी वाढ दिसते. खुब्याचा आकडा उणे २.६ राहिला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसही आहेच. आता ड जीवनसत्त्व ३८, कॅल्शियम ९.४ आणि मूत्रपिंड ठीक असल्याने झोलेड्रॉनिक ॲसिडची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, यावेळी दातांची तपासणी आधी उरकून.

वेगळे काय करता आले असते

खुर्चीतून उठण्याची चाचणी फॅमिली डॉक्टरांच्या खोलीत दोन मिनिटांत झाली असती. हात न लावता उठता येत नाही हे दीड वर्ष आधी नोंदले गेले असते तर लूझर झोनपर्यंत गोष्ट गेली नसती.

चिठ्ठीवर 'आठवड्यातून एक' एवढेच होते. 'एकूण आठ, शेवटची अमुक तारखेला, नंतर बंद' असे लिहून कॅलेंडरवर आठ रविवारांना गोल करायला लावले असते तर जादा पुड्या टळल्या असत्या. बाहेरून आलेल्या बाटल्यांसकट सगळी पिशवी पहिल्याच भेटीत मागवायची पद्धत आता या दवाखान्यात ठेवली आहे.

व्यायाम उशिरा सुरू झाला. लूझर झोनमुळे उभ्याने भार देणे टाळणे बरोबर होते, पण बसून गुडघा सरळ करणे आणि वरच्या अंगाचे व्यायाम तिसऱ्या आठवड्यापासून चालले असते. प्रथिनांचा हिशेबही चौथ्या महिन्यापर्यंत थांबायला नको होता. आणि बारावा आठवडा गणपतीत येतो आहे हे कॅलेंडर पाहून आधीच दिसत होते. रक्त अकराव्यात घेता आले असते.